पहिलं वाटण

मित्रांनो, मी दांडी गावातल्या एका कोळ्याच्या घरचा जुना पाटा आहे. घडवताना पाथरवटाने माझे इतके टवके उडवले की मऊपणा अंगात उरलाच नाही. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझेही दिवस होते. ओलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, लसूण, धने, मूठभर कोथिंबीर, हळकुंडाचा तुकडा. मी आणि वरवंटा मिळून त्याचं लोण्यासारखं वाटण करायचो. कालवणाचा वास शेजारपाजारी जायचा. शाबासकी मात्र वाटणारीला. आम्हांला तांब्याभर पाणी.

घरात दोन जावा होत्या. थोरली वत्सला, धाकटी मंजुळा. दोघींचं फाटलं, चुली वेगळ्या झाल्या, भांडी वाटली गेली. माझे दोन तुकडे करता येईनात, म्हणून मी पडवीत सामाईक राहिलो. दोन वर्षं दोघी माझ्यावर पाळीपाळीने वाटत होत्या, पण एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. वत्सला उठली की मंजुळा मला तीनतीनदा धुवायची, जशी काही मला खरूजच झाली होती.

१९८३ साली मंजुळेच्या सुलूला बघायला सातपाटीची माणसं यायची होती. नेमकी त्याच सकाळी वत्सलेने मला टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीने ठोकून माझं गुळगुळीत झालेलं अंग पुन्हा खरखरीत करून घेतलं. टाकी लावली की दगडाची कच सुटते. म्हणून पहिल्यांदा मूठभर तांदूळ वाटून ते वाटण फेकून द्यायचं असतं. हे कुठल्याही कोळणीला शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी होडी उशिरा आली, रावस उशिरा हाती पडला, आणि मंजुळेला तांदूळ वाटत बसायला वेळ उरला नाही. नाइलाजाने मंजुळेने तोंड उघडलं.

"वैनी, पयलं वाटन काडलंस ना?"

"काडलं," वत्सला पाठमोरीच म्हणाली.

साफ खोटं. मी पडलो दगड, ओरडणार कसा? मंजुळा वाटत गेली आणि माझी कच मसाल्यात उतरत गेली.

पाहुणे जेवायला बसले तशी मंजुळा कौतुकाने म्हणाली, "कालवन सगलं सुलूनं केलाय."

खरं तर सुलूने मिरचीचं देठही मोडलं नव्हतं. दुसऱ्याच घासाला मुलाची आई थांबली. तिने तोंडातले खडे काढून ताटाच्या कडेला ठेवले.

"हिच्या हातचं आमच्या पोरानं रोज खावाचं?" एवढं बोलून ती उठली. सोयरीक तिथेच मोडली.

पाहुणे गेल्यावर मंजुळेने उरलेला भात नि कालवण ताटात वाढलं आणि वत्सलेपुढे आदळलं.

"खा."

वत्सला जेवली. माझी कच तिच्या दातांखाली करकरत होती. पण खडा लागतो असं ती एकदाही म्हणाली नाही. मंजुळेला काय समजायचं ते समजलं.

मला वाटलं, आता तरी खरं बाहेर येईल. कसलं काय! घरातली भानगड गावात जायला नको म्हणून दोन वर्षांत पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं. पाटाच वाईट, असं सगळ्यांना सांगितलं आणि मला अंगणात काढलं. पुढे मिक्सर आला. सुलूचं लग्न मात्र चार वर्षं जमलं नाही.

मित्रांनो, पाट्याला टाकी लावलीत तर पहिलं वाटण स्वतःच्या हाताने काढून फेका. आणि पाट्याला नीट जपा, त्याला खोटं बोलता येत नाही. आता वत्सला माझ्यावर पाय घासून घरात जाते. मी तिला अजून माफ केलेलं नाही.