चौदा नंबरच्या खोलीचा बिल्ला

साहेब, ते कागद तुम्हीच घालवलेत. आणि तेच कागद तुम्ही सत्यभामाबाईंकडे मागता. सात वेळा मागितलेत. सातही वेळा मी तिकडे बीरगांवला चौदा नंबरच्या दारावर लटकत होतो, म्हणून काही बोलता आलं नाही. आज मी तुमच्या टेबलावर आहे, तुमच्या चहाच्या कपाला खेटून. आज बोलणार.

मित्रांनो, साहेब फायलीतून डोकं वर काढत नाहीत. ते काढेपर्यंत तुम्ही ऐका.

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. तळहातात मावेन एवढा, वर एक भोक, पोटावर आकडा १४. बिल्ला होण्याआधी मी परात होतो. प्रेमलाबाईंना त्यांच्या आईने लग्नात दिलेली मोठी परात. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी बाईंनी ती परात सदर बाजारात हिरालाल भांडेवाल्यापुढे ठेवली आणि चाळीस गोल कापायला सांगितले. एका आकड्याचे दोन.

"दीदी, इतनी बढ़िया परात! आटा काहे में गूंथोगी?" हिरालाल म्हणाला.

"स्टीलच्या परातीत का पोळ्या होत नाही? तू काप."

हिरालालने काप काढले आणि छिन्नीने आकडे ठोकले. चौदातला चार त्याच्या हातून वाकडा गेला. माझाही, माझ्या जुळ्या भावाचाही. त्या वाकड्या चारवरून आम्ही एकमेकांना कुठेही ओळखतो.

आता बिल्ले कशाला, ते सांगतो. प्रेमलाबाईंचे यजमान शालिग्राम रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं बाबू होते. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. ते निवृत्त झाले तेव्हा भोपाळहून सरकारी माणसं ट्रक भरभरून रायपुरात येत होती. हातात बदलीचा हुकूम, पण राहायला क्वार्टर नाही. कोणाचा फ्रीज मेहुण्याच्या ओसरीत, कोणाचा पलंग दुकानाच्या माळ्यावर. बाई ते पाहत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "माणसाले लॉजमध्ये जागा भेटते. त्याच्या पलंगाले कुठं भेटन?"

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या कडेला एक बंद पडलेली दाल मिल होती. तिच्यात त्यांनी वीस खोल्या पाडल्या. रीत सोपी. खोली घ्या, कुलूप तुमचं आणा, किल्लीही तुमच्याजवळ ठेवा. एक बिल्ला दारावर राहील, जुळा तुमच्या खिशात. फाटकावर जुळा दाखवा, आत जा. सामान नेलंत की जुळा परत द्या. गोदामाच्या मालकाने आत डोकावायचं नाही.

सहा महिने एकही खोली भाड्याने लागली नाही. सदर बाजारातले दुकानदार हसले. परक्याच्या आवारात आपलं सामान कोण ठेवतं? बाईंचा दीर गौतम दर रविवारी येऊन टोमणा मारायचा, "वहिनी, रिकाम्या खोल्यायचं प्रदर्शन लावलं काय? तिकीट किती?"

बाई वीसही खोल्या रोज झाडत होत्या. "रिकामी खोली घाण दिसली तं सामान कोण ठेवीन, भाऊजी?"

मित्रांनो, या धंद्याला भिंती आणि पत्रे लागतात असं तुम्हाला वाटेल. ते पैसे असले की कोणीही उभे करतं. लागतं ते मन, आणि ते बाजारात मिळत नाही. एका भोपाळवाल्या कारकुनाने मोडकी खुर्ची ठेवायला आणली, तेव्हा बाबूजी फिसकन हसले. बाई तिथेच कडाडल्या, "हसाचं नाही. किंमत आपण लावाची नाही." बाबूजींना हे जड जायचं. त्यांचं मन पार्सल ऑफिसात घडलेलं. तिथे प्रत्येक डागाला, म्हणजे नगाला, वजन, प्रत्येक डागाला मुदत. मुदत टळली की लिलाव. आणि साहेब आले की उभं राहायचं. सामान मुदतीशिवाय असू शकतं, हे त्यांच्या गळी उतरतच नव्हतं.

हळूहळू खोल्या भरल्या. पंडरी बाजारातल्या कापडवाल्यांनी उन्हाळ्यात स्वेटरचे गठ्ठे ठेवले. बदलीवाल्यांनी संसार ठेवले.

दोन हजार तीन साली सत्यभामाबाई आल्या. बरोबर चौदा वर्षांची पायल, एक पलंग, शिलाई मशीन आणि हिरवी पत्र्याची पेटी. नवरा इंद्रजीत सरकारी ड्रायव्हर होता. बावीस वर्षं नोकरी करून रस्त्यावरच गेला, सरकारची गाडी चालवत. त्याच्या जागी पायलला नोकरी मिळायची होती, पण ती अठराची झाल्यावर. तोवर मायलेकी जगदलपूरला भावाकडे राहणार होत्या. पेटीत इंद्रजीतचे कागद होते. नेमणुकीचं पत्र, सर्व्हिस बुकाची प्रत, शेवटच्या पगाराची पावती.

"कागद तं सोबत नेजो ना बाई," प्रेमलाबाई म्हणाल्या.

सत्यभामाबाई आपल्या छत्तीसगढीत म्हणाल्या, "भाई के घर म मुसवा हे दीदी. अउ भउजी घलो हे." म्हणजे भावाच्या घरात उंदीर आहेत, आणि भावजयही आहे. दोघी हसल्या. पायल हसली नाही. तिने स्वतः कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं. माझा जुळा भाऊ सत्यभामाबाईंच्या पदराच्या गाठीत गेला, मी दारावर राहिलो.

दर दोन-तीन महिन्यांनी जगदलपूरहून पोस्टकार्ड यायचं. त्यावर एकच ओळ: मोर पेटी बने हे न? माझी पेटी ठीक आहे ना? बाई उत्तर पाठवायच्या: बने हे.

साहेब, आता तुम्ही येता.

दोन हजार सहाचा ऑक्टोबर. तुम्ही बदलून आलात, त्याच खात्यात, जिथे इंद्रजीत गाडी चालवायचा. तुमचा सोफा, दिवाण, काचेची कपाटं ट्रकमध्ये उभी होती. वीसही खोल्या लागलेल्या. प्रेमलाबाई दसऱ्याला दीक्षाभूमीवर नागपूरला गेल्या होत्या, फाटकावर बाबूजी एकटे. तुम्ही गाडीतून उतरलातही नाही. काच खाली केलीत.

"चौदा नंबर में कौन है?"

"साहब, एक बाई का सामान है. तीन साल से."

"तीन साल में आई कभी?"

"नहीं साहब, लेकिन..."

"तो अब क्या आएगी? बाहर रखवाओ. चार दिन की बात है."

एकतीस वर्षं उभे राहिलेले गुडघे, मित्रांनो. बाबूजी "जी साहब" म्हणाले आणि हातोडी घेऊन आले. पायलने तीनदा ओढून पाहिलेलं कुलूप चार घावांत गेलं. प्रत्येक घावाला मी दारावर आपटत होतो. पेटी बाहेर ओढताना तिचं झाकण उघडलं. बाबूजींनी कागद पाहिले, पार्सलबाबूच्या सवयीने वरचं नाव वाचलं, झाकण लावलं. पेटी, मशीन, पलंग अंगणात गेले. तुमचा दिवाण आत आला. दुसऱ्या दिवशी ट्रक वळेना, तेव्हा तुमचा ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी अंगण मोकळं करायला सांगितलंय. एक कबाडी, म्हणजे भंगारवाला, हातगाडी घेऊन आला आणि अंगणातलं सगळं उचलून गेला.

तुम्हाला बिल्ला कोणी दिला नव्हता. त्या गोदामात बिल्ल्याशिवाय राहिलेलं एकच सामान, ते तुमचं.

तिसऱ्या दिवशी बाई परतल्या. खांद्यावरची पिशवीसुद्धा त्यांनी खाली ठेवली नव्हती.

"कुलूप काहून तोडलं?"

"साहेब होते. समोर उभे होते..."

"अन सत्यभामा?"

"ते समोर नव्हती ना."

"म्हणूनच तं आपण होतो!"

मित्रांनो, सामान ठेवायच्या धंद्याचं सगळं मन त्या एका वाक्यात आहे. समोरचा माणूस स्वतःचं स्वतः बोलू शकतो. जो दूर आहे, ज्याला माहीतही नाही की आपल्या दाराशी हातोडी आली आहे, त्याच्या वतीने नाही म्हणायला जो उभा राहील, त्यानेच या धंद्यात पडावं. बाकीच्यांनी सरळ भंगाराचं दुकान टाकावं.

बाई बीरगांवातल्या एकूण एक कबाड्याकडे गेल्या. मशीन गेलं होतं, पलंग फाडून लाकूड झाला होता. नवव्या दुकानात हिरवी पेटी सापडली, आत खिळे भरलेले. कागद रद्दीत गेले होते. बाईंनी खिळे ओतून पेटी आणली. तुमचं सामान क्वार्टरमध्ये गेल्यावर चौदा नंबर धुतली, रिकामी पेटी होती तिथे ठेवली, नवं कुलूप लावलं. ती खोली पुन्हा कोणाला दिली नाही.

बाबूजी रोज सकाळी चौदासमोर येतात, दारावर दोनदा टकटक करतात आणि थांबतात. आतून काय यायचं आहे? पण ते थांबतात. मीही थांबतो. कधी कधी रिकाम्या खोलीत पत्रा कडकडतो, पेटीचं झाकण उघडल्यासारखा. उन्हाने पत्रा वाजतो हे मला कळतं. बाबूजींना कळत नाही. ते पुन्हा टकटक करतात.

दिवाळीनंतर पोस्टकार्ड आलं. मोर पेटी बने हे न? बाईंनी तीन कार्डं लिहून फाडली. चौथ्यावर एवढंच लिहिलं: आ जाओ.

मायलेकी आल्या. रिकामी पेटी पाहिली. सत्यभामाबाई रडल्या नाहीत. पदराची गाठ सोडून त्यांनी जुळा पुढे केला. प्रेमलाबाईंनी हात मागे घेतला.

"सामान दिल्याबिगर मी बिल्ला घेत नाही. ठेव तुझ्याजवळ. तुझं सामान अजून माझ्याकडे बाकी आहे."

म्हणून, साहेब, गेलं वर्षभर तो बिल्ला तुमच्या ऑफिसच्या बाकावर सत्यभामाबाईंच्या मुठीत बसला. इंद्रजीतची फाईल भोपाळहून आलीच नाही, असं तुम्ही म्हणता. भोपाळवाले म्हणतात, रायपूरला पाठवली. दोन राज्यांच्या मधल्या रस्त्यात कुठेतरी एक माणूस बावीस वर्षांच्या नोकरीसकट हरवला. आणि तुम्ही म्हणालात, "असली कागज लाओ, नहीं तो कैसे मानें कि ऐसा कोई आदमी था?" पायल तिथेच उभी होती. तिच्या बापाबद्दल तुम्ही विचारत होतात, होता का म्हणून.

आज सकाळी प्रेमलाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं. आम्ही सगळे इथे आलो. तुम्ही आत शिरलात तेव्हा बाकावरचे सगळे लोक उठले. शालिग्राम बाबूजी उठले नाहीत. तुमच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. एकतीस वर्षं उठायला शिकलेले ते गुडघे या वेळी जागचे हलले नाहीत. मग बसूनच त्यांनी तुमच्या टेबलावर एक कागद सरकवला. त्यावर त्यांच्या हाताने लिहिलं आहे की तुमच्या सांगण्यावरून कुलूप त्यांनी तोडलं, पेटीतले कागद त्यांनी डोळ्यांनी पाहिले, वर इंद्रजीतचं नाव होतं आणि तुमच्याच खात्याचा शिक्का होता. खाली सही, तारीख, पत्ता.

"बाबूजी, ये लिख के आप खुद फँसोगे," तुमचा कारकून म्हणाला.

"फसू द्या. कुलूप मीच तोडलं ना."

त्या कागदावर सत्यभामाबाईंनी जुळा ठेवला. शेजारी प्रेमलाबाईंनी मला ठेवलं. पाच वर्षांनी आम्ही दोघे भाऊ शेजारी आलो. दोन वाकडे चार. पाहा, जुळतात.

मित्रांनो, तुम्ही कधी कोणाची वस्तू सांभाळायला घ्याल तर आधी स्वतःला विचारा, मोठा माणूस दाराशी आला तर माझे गुडघे काय करतील? उत्तर येत नसेल तर वस्तू घेऊ नका. मी पितळ आहे, घासलं तर पुन्हा चकचकीत होईन. कागद होत नाहीत.

आणि साहेब, तुमचा चहा निवला. फाईल मिटा. पायल समोर उभी आहे, तिच्याकडे बघून सांगा. इंद्रजीत नावाच्या माणसाने तुमच्या खात्याची गाडी बावीस वर्षं चालवली की नाही?