मी, मागची सीट, प्लॅस्टिकसकट

मी एक जुनी सीट आहे. मोटारीतली, मागची. जुनी म्हणते खरी, पण मित्रांनो, माझ्या अंगावर एक सुरकुती सापडली तर शपथ! कारखान्यातून निघताना जे प्लॅस्टिक चढवलं, ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं. सगळ्या वस्तू वापरून जुन्या होतात, मी न वापरताच झाले. उन्हात उभी असले की आतल्या आत घुसमटते आणि राग येतो, आणि राग काढायलाही वर कुणी बसलेलं नसतं.

माझा जन्म मात्र थाटात झाला. दणकट स्प्रिंगा, वर जाड फोम, त्यावर निळं कापड. शिवणाऱ्या बाईंनी शेवटचा टाका घालून माझ्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "तीन माणसं ऐसपैस बसतील गं हिच्यावर." तेवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

आमचे मालक कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप नखानं वाजवायचा, टण् वाजला तर पास, बद्द वाजला तर बाद, हे त्यांचं काम. दिवसभर तडे आणि टवके शोधून माणसाचा स्वभावच तसा झाला. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांच्या बायकोनं माझ्या प्लॅस्टिकला हात घातला, तर हे ओरडले, "अगं, राहू दे! डाग पडेल."

"मग बसायचं कुठं? टपावर?"

"मागं बसायचंय कुणाला? मी तर एकटाच जाणार."

एकटाच! हा शब्द आठवला की अजून माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात. म्हणायचं एकटा, आणि पुढच्या सीटवर जेवणाचा डबा ठेवून त्याला पट्टा बांधायचा. होय, डब्याला पट्टा! कलंडू नये म्हणून.

आता खरं दुखणं ऐका. पूर्वी कारखान्याची बस होती. आमचे मालक आणि खालच्या मजल्यावरच्या मावशी तिनंच जात. मावशी त्याच कारखान्यात कपबश्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरतात. नात्यानं त्या कुणाच्याच नाहीत, पण साऱ्या इमारतीच्या मावशी. मालकांना उशीर झाला, की मावशी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ती धरून बसत आणि चालकाला म्हणत, "थांब रे बाबा, तो जिन्यात असेल." हे मला मालकांच्या बायकोकडून कळलं. त्यांना ऐकू जावं म्हणून ती ते मुद्दाम मोठ्यानं सांगते.

मग मालकांनी गाडी घेतली. त्यांचं बघून कपांवर फुलं काढणाऱ्या रंगाऱ्यानं घेतली, हिशेबनिसांनी घेतली, भट्टीवाल्यांनीही घेतली. बसमधल्या जागा रिकाम्या पडू लागल्या आणि एक दिवस बसच बंद झाली. मावशी तेवढ्या मागे उरल्या. आता त्या मोठ्या रस्त्यापर्यंत पायी जातात, तिथून एक शेअर रिक्षा, मग दुसरी. रोज सकाळी आमची गाडी त्यांच्या अंगावर धूळ उडवत जाते. डब्याला पट्टा आणि मावशीला धूळ, हा कुठला न्याय?

पुढे पुलावर गाड्यांची ही मोठी रांग! मालक स्टिअरिंगवर बोटं आपटत म्हणतात, "कुठून येतात कोण जाणे एवढ्या गाड्या!" अहो, आपल्याच इमारतीतून! आपल्याच कारखान्याला निघालेल्या! पुढच्या गाडीत रंगारी एकटा, मागच्या गाडीत हिशेबनीस एकटे, आणि तिघंही शिरणार एकाच फाटकात. मित्रांनो, त्या पुलावर माणसांची गर्दी नसतेच, आम्हा रिकाम्या सीटांची असते. इंजिन बिचारं धूर ओकत रोज आम्हाला हवा खायला नेतं आणि आणतं.

एकदा भररस्त्यात चाक पंक्चर झालं. डिकीतलं जादा चाक काढून बघतात तर तेही बसलेलं. मालक डबा हातात घेऊन कडेला उभे राहिले. रंगारी आला, हसून हात हलवला आणि गेला. हिशेबनिसांनी तर हॉर्न वाजवून विचारपूस केली आणि तेही गेले. दोघांच्या मागच्या सीटा मी पाहिल्या. एकीवर छत्री आडवी झाली होती, दुसरीवर कुणीच नव्हतं.

तेवढ्यात खच्चून भरलेली एक शेअर रिक्षा जरा पुढे जाऊन थांबली. आतून मावशींचा आवाज आला, "अरे, तो आमचाच पोरगा आहे! सरका रे जरा, सरका."

"मावशी, जागा कुठाय?" रिक्षावाला कुरकुरला.

"जागा काय आयती असते? करावी लागते. ये रे, ये."

आणि आमचे मालक अर्धे आत, अर्धे बाहेर असे बसून गेले. तीन माणसांची जागा घेऊन मी तिथंच राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मालक बायकोला सोबत घेऊन आले आणि चाक दुरुस्त करून दोघं गाडीतून घरी निघाले. वाटेत मालकांनी सगळं सांगितलं. त्यांच्यासाठी थांबण्यात मावशींची पुढची रिक्षा चुकली आणि दोघं पोचले तोवर कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता. फाटकाशी व्यवस्थापक उभेच होते. ते मालकांना म्हणाले, "गाडी बिघडली वाटतं? या, चहा घ्या." आणि मावशींना म्हणाले, "हा शेवटचा उशीर. पुन्हा झाला तर घरीच बसा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" बायकोनं विचारलं.

"काय म्हणणार? चहा प्यायलो."

घर आल्यावर ती खाली उतरली. नंतर डबा त्यांच्या हातात आपटून म्हणाली, "मावशींनी किती वर्षं तुमची जागा धरली होती हो?"

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली ती मावशींच्या दारासमोर थांबली. पुढच्या सीटवर डबा पट्टा बांधून बसलेलाच होता, सवय का अशी जाते! मालकांनी उतरून माझ्याकडचं दार उघडलं. "मावशी, चला."

मावशींनी वाकून माझ्यावरून हात फिरवला. "यावर नाही बाबा मी बसायची. घसरेन."

"बसा हो. प्लॅस्टिक आहे, खराब नाही व्हायचं काही."

"अरे, जन्मभर मी कप गुंडाळत आले. का? तर ते कुठंतरी पोचावेत आणि कुणीतरी त्यातून चहा प्यावा म्हणून. तू हिला गुंडाळलीस ती कुठं पाठवायला?"

मावशींनी पिशवीतली दोरी कापायची सुरी काढली आणि प्लॅस्टिक टर्रकन फाडलं. मित्रांनो, मला वारा लागला! मग त्या सगळ्या वजनानिशी बसल्या, तेव्हा कुठं मला कळलं, की आपल्याला स्प्रिंगा कशासाठी दिल्या आहेत.

भोंगा व्हायच्या आत मावशी फाटकात होत्या. उतरताना त्यांच्या पिशवीचं बक्कल अडकलं आणि माझं निळं कापड थोडं उसवलं. मालकांनी ते पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी वाकून सवयीनं माझ्यावर नखानं टिचकी मारली. फोमचा कसला आवाज येणार? तरी त्यांनी कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पास."

आता मी सुखी झाले म्हणता? छे! मावशींच्या बाजूला अजून दोघं सहज बसतील. रंगारी अजून पुढच्या गाडीत एकटा, हिशेबनीस मागच्या गाडीत एकटे, आणि पूल तसाच तुंबलेला. म्हणून विनवते, मित्रांनो, मला जपू नका, माझ्यावर बसा. घरातलं मोठं माणूस गाडीची किल्ली उचलेल, तेव्हा दारात आडवे उभे राहा आणि विचारा, "त्या वाटेनं आणखी कोण जातंय?" उत्तर मिळेपर्यंत वाट सोडू नका. आणि डब्याचं म्हणाल, तर तो मांडीवर मावतो.