कर्नल सुर्व्यांची कॉन्फरन्स

कर्नल बाळकृष्ण सुर्वे फौजेतून रिटायर झाले, पण त्यांच्यातली फौज काही रिटायर झाली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही अजून धडधाकट होता. मूळ गाव साताऱ्याकडचं, शेवटचं पोस्टिंग लखनौचं. शहर मानवलं म्हणून वृंदावन योजनेत घर घेतलं, दारापुढं गुलाब लावले आणि दोन-तीन महिन्यांत गुलाबांना शिस्त लावून झाली. मग ते स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळले. सगळे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे पाहिले तेव्हा लीलावतीबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठंतरी नोकरी धरा, नाहीतर मी तरी धरते."

नोकरी मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिनहटला. आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनची मशीनं आणि दवाखान्यासारख्या खाटा भाड्यानं द्यायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या, असा त्या कंपनीचा धंदा. सारं शहर सांभाळायला मोजके मेकॅनिक, आणि त्यात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. मालकांना खमक्या माणूस हवा होता, तो मिळाला.

कर्नलसाहेबांनी आल्या आल्या सुरू केली ती सकाळची कॉन्फरन्स. नऊच्या ठोक्याला सगळ्यांनी चिनहटला हजर व्हायचं. दाराशी एक लोखंडी पेटी, तिच्यात आपापले मोबाइल टाकायचे. साहेब स्वतःचा सगळ्यांआधी टाकत. मग हजेरी. मग एकेकानं उभं राहून काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं. उशिरा आलेल्यानं शेवटपर्यंत उभंच राहायचं. हे आटोपलं की पोरं मोटरसायकलींना किक मारून शहरभर पांगत आणि कर्नलसाहेब चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहत. गड जिंकलेल्या माणसाचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असे.

हे समाधान एकट्या देविकाला बघवत नव्हतं. फोनवर तक्रारी घ्यायच्या आणि कामं वाटायची हे तिचं काम. वडील मूळचे मराठी, रेल्वेत इंजिनिअर, घर मानक नगरच्या कॉलनीत. मराठीतलं तिला सगळं समजे, पण उत्तर यायचं ते हिंदीतच.

"सर, लड़के घर से सीधे पहले काम पर चले जाएँ तो? जगदीश तो आपकी ही तरफ रहता है. वहाँ से यहाँ आता है, फिर मैं उसे वापस वहीं भेजती हूँ."

"देविका, माणूस डोळ्यांसमोर असला की कळतो. फोनवर सगळेच शूर."

"जी, सर," ती म्हणाली आणि पुढचा फोन उचलला. विषय संपला असं कर्नलसाहेबांना वाटलं.

त्यांच्या शेजारच्या घरात भास्करराव राहत. नागपूरकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, जिभेनं तिखट आणि फुप्फुसांनी अधू. संध्याकाळी दोघांचा बुद्धिबळाचा डाव पडे आणि डावापेक्षा भांडणच जास्त रंगे. डॉक्टरांनी आता दिवसरात्र ऑक्सिजन लागेल असं सांगितलं तेव्हा सुरेखावहिनी मशीन कुठून आणावं याची चौकशी करू लागल्या. कर्नलसाहेबांनी छातीवर हात मारला. "वहिनी, दुसरीकडं बघायचंच नाही. मशीन माझ्या कंपनीचं आणि शब्द माझा."

"शब्द जपून द्या, सुर्वे," भास्करराव म्हणाले. "आता मी तुमच्या शब्दावर श्वास घेणार आहे."

मे महिन्यातली गोष्ट. लू, म्हणजे उत्तरेतला तो भाजून काढणारा वारा, सुरू झाली होती आणि सकाळपासूनच रस्त्यावर धूळ उडत होती. चिनहटला कॉन्फरन्स चालू होती. नंदकुमार नावाचा मेकॅनिक, अंगभूत बडबड्या, एका खाटेच्या चाकाची कहाणी सांगत होता. तेवढ्यात दार उघडून देविका आत आली. कर्नलसाहेबांनी तिच्याकडे न बघताच हाताचा पंजा वर केला. थांब. ती क्षणभर उभी राहिली, ओठ आवळले आणि परत गेली. पोरीला हळूहळू शिस्त लागतेय, असं वाटून साहेबांना बरंही वाटलं.

खाटेचं चाक बसवून झालं. दार पुन्हा उघडलं, पंजा पुन्हा वर गेला. या खेपेला देविकानं पंजाकडे बघितलंच नाही.

"सर, भास्कर अंकल की मशीन बंद पड़ गई है. लीलावती आंटी ने आपको कितने फोन किए."

फोन पेटीत होता. सगळ्यांचेच फोन पेटीत होते.

"आणि भास्करराव?"

"मशीन के साथ जो इमरजेंसी सिलिंडर दिया था, उस पर हैं. सुरेखा आंटी से उसकी चाबी घूम नहीं रही थी. मैं इसीलिए पहले आई थी, कोई दो मिनट बता देता. फिर मैं ही फोन पर बताती रही, लीलावती आंटी ने खोला. छोटा सिलिंडर है, सर. घंटा भर चलेगा, बस."

जगदीश केव्हाच उठला होता. कर्नलसाहेबांची गाडी ड्रायव्हर धुवायला घेऊन गेलेला. ते जगदीशच्या मोटरसायकलवर मागे बसले. चिनहट शहराच्या पूर्वेला, वृंदावन योजना पार दक्षिणेला. शहीद पथावर ट्रकांच्या रांगा होत्या, गरम वारा तोंडावर थपडा मारत होता. कर्नलसाहेबांनी आयुष्यात गोळीबार पाहिला होता, पण अशी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. तिथं शत्रू समोर असे. इथं डोळ्यांपुढं सारखा स्वतःचाच पंजा येत होता.

ते पोचले तेव्हा सिलिंडरचा काटा खाली उतरला होता, पण टेकला नव्हता. भास्करराव उशांना टेकून बसले होते, ओठ काळवंडलेले. शेजारी लीलावतीबाई मुठीत चावी घट्ट धरून बसल्या होत्या, जणू ती सोडली तर सगळंच सुटेल. जगदीशनं मशीन उलटं केलं, मागची हवा गाळायची जाळी काढली. धुळीनं गच्च झाली होती. नवी बसवली, आतलं झटकलं, बटण दाबलं. मशीन घुरघुरू लागलं. दुधाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे काम झालं.

सुरेखावहिनींना आता रडू फुटलं. "काल संध्याकाळीच मी तुमच्या ऑफिसात फोनवर सांगितलं होतं हो, आवाज वेगळा येतोय म्हणून. सकाळी माणूस येईल म्हणाले होते."

कर्नलसाहेबांचा जीव भांड्यात पडला होता. आता त्यांना गुन्हेगारही मिळाला. "जगदीश! तुम्हें मालूम था?"

"मालूम था, साहब. देविका मैडम ने कल शाम ही बताया था."

"तो आए क्यों नहीं?"

जगदीश स्क्रू आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "आया था, साहब. गेट तक आया था. घड़ी देखी तो लगा, कॉन्फरन्स में लेट हो जाऊँगा. सोचा, वहाँ से लौटकर सबसे पहले यही करूँगा." मग त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. दोन गल्ल्यांपलीकडे एका गच्चीवर निळी टाकी दिसत होती. "वो रहा मेरा घर."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि हा वळसा रोज घालायला लावणारा माणूस दुसरा कुणी नव्हता.

भास्कररावांनी हातानं खूण करून कर्नलसाहेबांना जवळ बोलावलं. नाकातली नळी सारखी केली, दम गोळा केला. "सुर्वे, तुमच्या कॉन्फरन्समध्ये माझा नंबर कितवा होता?"

ते गमतीनंच म्हणाले आणि एकटेच हसले. खाटेच्या चाकानंतरचा, हे कर्नलसाहेब कोणत्या तोंडानं सांगणार होते?

दुपारी ते पानावर नुसते बसून राहिले. लीलावतीबाईंनी आमटी वाढली. त्यांच्या तळहातावर चावीचा लाल वळ अजून होता.

"जेवा. उपाशी राहून कुणाची जाळी साफ होत नाही." त्या समोर बसल्या. "बर्फातलं ते पोस्टिंग आठवतं? पोरं वर चौकीवर पाठवली की आठवडा आठवडा बोलणं नसायचं. मी विचारायची, काळजी नाही वाटत? तुम्ही काय सांगायचात?"

"काय करायचं ते नीट सांगावं, कसं करायचं ते त्याच्यावर सोडावं. मग पोरगा जिवाचं रान करतो."

"मग ती पोरं काय निराळ्या मातीची होती?"

कर्नलसाहेबांनी भात कालवला. "नाही," ते म्हणाले. "मी निराळा होतो. तिथं मला दुसरं काम होतं. इथं यांची तोंडं बघणं हेच काम करून बसलो."

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला कॉन्फरन्स भरली. सगळे बसले, कर्नलसाहेब मात्र उभे राहिले. "कल मैं लेट था," ते म्हणाले, "तो आज खड़ा मैं रहूँगा." मग त्यांनी पेटी उचलून टेबलावर उघडी केली. "अपने-अपने फोन उठाओ. कल से यहाँ कोई नहीं आएगा."

बडबड्या नंदकुमार चाचरत म्हणाला, "साहब... निकाल रहे हैं हमको?"

"अरे निकाल नहीं रहा, बाबा, भेज रहा हूँ!"

मग त्यांनी सांगितलं. ज्याचं घर जिथं, त्याची कामं तिथली. आदल्या संध्याकाळी देविका वाटून देईल. घरातून सरळ पेशंटकडे जायचं. लू टाळायला कुणी पहाटे सुरू करो, कुणी दुपारी पोरांना शाळेतून आणून मग निघो. पेशंटला थांबावं लागता कामा नये, एवढा एकच नियम. आवाज वेगळा वाटला तर गाडी थांबवून आत शिरायचं, कुणाला विचारायचं नाही. सगळ्यांनी भेटायचं ते शनिवारी, समोशांसोबत आणि फोन चालू ठेवून. आणि अडचण आली तर निर्णय देविकाचा, साहेबांचा नाही.

"चालेल ना?" त्यांनी देविकाला विचारलं.

"चालेल, सर," ती म्हणाली, आणि आपण मराठीत बोललो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच आठवड्यात एक पोरगा झोपून राहिला आणि पेशंटच्या मुलानं देविकाला फोनवर वाट्टेल ते ऐकवलं. कर्नलसाहेबांचे हात पेटीसाठी शिवशिवले. पण देविकानं त्या पोराला दुपारची कामं दिली आणि सकाळची नंदकुमारला, जो कोंबड्याआधी उठून बडबड सुरू करी. गाडी रुळावर आली. आता सकाळी साहेब स्वतःच एखाद्या पेशंटच्या घरी जात, म्हाताऱ्यांशी गप्पा मारत, मशीनच्या आवाजानं झोप लागते का विचारत. इतकी वर्षं हुकूम देऊन जे कळलं नव्हतं ते चहा पिता पिता कळू लागलं. लोखंडी पेटीत हल्ली नव्या जाळ्या ठेवतात.

जूनमधल्या एका शनिवारी सगळे चिनहटला जमले. समोसे आले. कर्नलसाहेबांनी हजेरी सुरू केली. तेवढा एक पीळ त्यांनी राखून ठेवला होता. नंदकुमारनं "हाजिर" म्हणून वर दोन वाक्यं जोडली.

"जगदीश!"

उत्तर नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. कर्नलसाहेबांच्या कपाळावर जुनी आठी उमटली.

देविका हळूच म्हणाली, "सर, वो निकला था यहाँ के लिए. रास्ते में भास्कर अंकल की मशीन की आवाज कुछ अलग लगी, तो अंदर चला गया. मुझसे पूछा भी नहीं, अंदर से फोन करके बताया."

आठी विरली. कर्नलसाहेब खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात स्वतःच म्हणाले, "हाजिर!"

मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.