डाव्या हाताची तार

सकाळी सव्वासात वाजता कळमनुरीच्या बाजारात खाजा मियांची मोटारसायकल लाकडाच्या एका मोळीला धडकून बंद पडली. कोणाला लागले नाही. १९३९ चा जानेवारी होता, थंडी कडक होती, आणि मियांच्या डाव्या हाताची बोटे क्लचच्या दांडीवरून निसटली होती.

मोळी तांड्यावरच्या नानीबाईची. तिने आधी मोळीकडे पाहिले, मग गाडीकडे.

"मियाभाई, बैल असता तर मोळी पाहून थांबला तरी असता!"

तिचा नवरा फुलसिंग हसत पुढे आला. तरुणपणी त्याने बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातला होता.

खाजा मिया हिंगोलीच्या सरकारी दवाखान्याचे स्वार. अकरा वर्षे लस आणि क्विनाईन खेडोपाडी पोचवत होते. दोन हिवाळ्यांपूर्वी बोटांत संधिवात शिरला आणि क्लच दाबणे जड झाले. तेव्हापासून थांबायच्या आधीच ते इंजिन बंद करीत आणि गाडी आपोआप घरंगळू देत. निघताना उतार शोधत. आज बाजारात इंजिन बंद करायला उशीर झाला. हे सारे त्यांनी कोणाला कळू दिले नव्हते. पण सोमवारी परभणीचे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार होते. दवाखान्याच्या सपाट आवारात तीनदा गाडी काढायची, तीनदा थांबवायची. जमले नाही तर मियांना दारावर स्टूल आणि गाडी दुसऱ्याला.

"हात दाखवा," मिया बोटे चोळताहेत हे पाहून फुलसिंग म्हणाला. सुजलेली पेरे पाहून तो गाडीकडे वळला. "हाताला तर तकलीफ हायच. पण क्लचची ही तार चिंध्यांनी अशी काहून बांधली?"

"पावसाळ्यात चिखल शिरतो म्हणून. मीच बांधली, घट्ट."

"लई घट्ट. कोपऱ्यात मुडली पाहा. गोणीची दोरी अशी मुडली, तर वढणाऱ्याचा जीव जातो. दोरीला वळण द्यावं, कोपरा न्हाई. अन् तेल? कधी पाजलं व्हतं?"

रोज पुसून लख्ख ठेवलेल्या गाडीतली चूक बैलवाल्याने काढावी, हे मियांना झोंबले. तरी त्यांनी मान हलवली. फुलसिंगने विळ्याने चिंध्या कापल्या. तार टणकन उडून वीतभर बाहेर आली. मियांच्या खिशात एरंडेलाची बाटली होती. बोटांना चोळायला बायकोने, खुर्शीदबींनी, दिलेली. फुलसिंगने तारेच्या तोंडाशी थेंब थेंब सोडले, तार मागेपुढे केली.

"दाबा आता."

मियांनी दाबले. कळ आली, पण दांडी मुठीपर्यंत पोचली. त्यांनी पुन्हा दाबले. मग गरज नसताना आणखी एकदा.

"दोन थंड्या मी या हातालाच शिव्या देऊन राहिलो!"

"अर्ध्या शिव्या तारेच्या व्हत्या," नानीबाई म्हणाली. "आता आमची मोळी उचला."

मियांनी ती उजव्या हाताने उचलली. डावा नुसता खाली धरला.

घरी खुर्शीदबींनी बाटली उजेडात धरली. "सारा तेल गाडीकूच पिलाये क्या?"

"आधा उसका हक था," मिया म्हणाले. किती दिवसांनी त्यांना हसू आले होते.

सोमवारी अकराच्या सुमारास त्यांनी तीनदा गाडी काढली आणि तीनदा थांबवली. तिसऱ्या वेळी इंजिन आचके देऊ लागले. मियांनी पूर्ण तळव्याने दांडी आवळली, तसे ते सावरले. साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. "हुकूम डाकेने येईल," म्हणाले आणि निघून गेले.

त्या सोमवारला तेवीस दिवस झाले. हुकूम आलेला नाही. सकाळी कोटाची बटणे अजून खुर्शीदबीच लावतात. मग मिया आधी तारेला तेल पाजतात, उरलेले बोटांना चोळतात आणि सहाच्या सुमारास कळमनुरीच्या रस्त्याला लागतात. बाजाराशी आले की नानीबाई मोळी जरा मागे ओढून घेते.