ज्येष्ठांचं फोल्डर

केरू गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हौसाने मुलाला सांगितलं, तेराव्याला फोटो लागेल, तेवढा पेणला जाऊन हिरामणशेठकडून घेऊन ये. सुशीलने मान हलवली आणि तो गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. फोटो नव्हता. तो का नव्हता, हे घरात एकट्या सुशीललाच ठाऊक होतं, आणि बाप गेल्याच्या दुःखावर ही दुसरी धोंड होती.

हिरामणशेठचा पेणला स्टुडिओ आणि रोह्याला शाखा. शाखा त्याची सून प्रणिता सांभाळायची. गडबपासून कोलाडपर्यंत लग्न कुणाचंही असो, अक्षता पडल्या की पंगत बसायच्या आधी हिरामणशेठ मांडवातल्या म्हाताऱ्यांना एकेक करून भिंतीशी खुर्चीवर बसवायचा आणि एकट्याचा, छातीपर्यंतचा फोटो काढायचा. तो कशासाठी, हे सगळ्यांना कळायचं आणि कुणी बोलायचं नाही. म्हातारेही पक्के. टोपी सरळ करून, पदर नीट करून गुमान बसायचे. मात्र तो फोटो घरी कुणी मागत नसे. जित्या माणसाचा असला फोटो घरात आणायचा म्हणजे यमाला आवतण दिल्यासारखंच. म्हणून तो स्टुडिओतच राहायचा, सर्व्हरवर ‘ज्येष्ठ’ नावाच्या फोल्डरात, आणि वेळ आली की घरातलं कुणीतरी उतरलेल्या तोंडाने येऊन घेऊन जायचं.

केरू त्या खुर्चीवर एकदाच बसला होता, मुलीच्या, पूजाच्या लग्नात. एरवी कुणी मोबाइल वर केला की तो हात आडवा धरी. आधार कार्डावर चेहरा होता म्हणा, पण तो चोराला पकडून आणल्यासारखा, आणि मोठा करायला जावं तर नुसते ठिपके.

सुशील पेण-रोह्यातल्या दुकानांची आणि दवाखान्यांची कॉम्प्युटरं सांभाळायचा. वैशाखात, ऐन लग्नसराईत, हिरामणशेठने त्याला तातडीने बोलावलं. पेणच्या सर्व्हरवरचे सगळे फोटो रोज दुपारी नेटवरून रोह्याला बॅकअप व्हायचे. तो बॅकअप सुरू झाला की हळूहळू सर्व्हरची मेमरी भरायची, आणि स्टुडिओतली माणसं एक फोटो उघडायला लावून चहा पिऊन यायची. तरी फोटो उघडलेला नसायचा. नवऱ्या मुलींचे बाप अल्बमसाठी दारात उभे. शेठ घायकुतीला आला होता.

सुशीलने आधी मेमरी वाढवून दिली. वाढवलेलीही भरली. मग कुठला प्रोग्राम एवढी खातोय ते त्याने पाहिलं, तर सगळ्यांची बेरीज करूनही हिशेब लागेना. म्हणजे खाणारा प्रोग्राम नव्हता, खुद्द सर्व्हरच होता. सुशील बॅकअप चालू असताना समोर ठाण मांडून बसला. लग्नांचे मोठाले व्हिडिओ सुरळीत जात होते. बॅकअप ‘ज्येष्ठ’मध्ये शिरला की आकडा चढायला लागे. तिथे वर्षानुवर्षांचे म्हातारे एकाच फोल्डरात दाटीवाटीने बसलेले, शिवाय प्रत्येकाच्या लहान, मोठ्या, काळ्या-पांढऱ्या प्रती. बॅकअप प्रत्येक फाइलीपाशी थांबून विचारी, तुझ्यात काही बदल झालाय का. आणि ज्या ज्या फाइलीला विचारलं, तिची तिची आठवण सर्व्हर धरून बसे. सोडायचं नाव घेत नव्हता.

खरा इलाज सुशीलला माहीत होता. वर्षावर्षाचे म्हातारे वेगळे करायचे, जुन्यांचे गठ्ठे बांधायचे, म्हणजे लाखो फाइलींच्या जागी मोजके गठ्ठे रोह्याला जातील. पण ते सवडीचं काम, आणि सवड होती कुणाला? त्याने ‘ज्येष्ठ’ तेवढं बॅकअपमधून वगळलं. त्या दुपारी मेमरी जागची हलली नाही. सगळे खूश. सराई संपली की गठ्ठे बांधून देतो, असं त्याने सांगितलं, आणि शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवून बजावलं, “बघ हां. त्यात माझी सगळी माणसं हायेत.”

सराई संपली. ओरड बंद झाली की काम झालं, असं मानायची खोड या धंद्यात सगळ्यांनाच असते. सुशील काही वेगळा नव्हता. मग पाऊस लागला, विजेचा खेळ सुरू झाला आणि एका कडाडणाऱ्या दुपारी पेणच्या सर्व्हरच्या डिस्क जळाल्या. मुंबईला पाठवल्या, तिथेही हात टेकले. रोह्याहून लग्नं सगळी परत आली, हळदीपासून पाठवणीपर्यंत. ‘ज्येष्ठ’ आलं नाही; ते वगळलं त्याच दिवशी बॅकअपने त्याची रोह्यातली जुनी प्रतही पुसून टाकली होती. हिरामणशेठ सुशीलला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता हौसाच्या घरी तो भेटायला आला तेव्हा सुशील तोंड उघडणार, इतक्यात शेठनेच सांगून टाकलं, “वहिनी, वीज पडून माझं मशीन जळलं. केरूचा फोटू त्यात गेला. मला माफ करा.” हौसाने पदराने तोंड पुसलं आणि विजेला कोण काय करणार, असं म्हणाली. सुशील खाली बघत राहिला. त्याला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटकेची जास्त लाज वाटली.

तो रोह्याला प्रणिताकडे गेला. पूजाच्या लग्नाचे फोटो दोघांनी चाळून काढले. नवरीचा बाप म्हणून मिरवायचं सोडून केरू दिवसभर वाढप्यांत! सापडला तो एकाच फोटोत, पंगतीत वाकून भात वाढताना. खांद्यावर टॉवेल, हातात घमेलं, टोपी दिसत होती, कान दिसत होता. चेहरा पानाकडे.

प्रणिता म्हणाली, सुशीलदादा, हल्ली कॉम्प्युटर चेहरा बनवून देतो. वाकलेल्या केरूची ठेवण घेतली, आधार कार्डावरचे डोळे घेतले, जे कमी पडलं ते समोर बसलेल्या सुशीलचं घेतलं आणि त्याला वय चढवलं. पडद्यावर पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा सुशीलकडे पाहून किंचित हसला. सुशीलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, फिटलं. फ्रेम करून तो घरी घेऊन आला.

ओटीवर भावकीतली माणसं होती. अगदी केरू, असं दोघातिघांनी म्हटलं. हौसाने फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. मग फोटोतल्या भुवईवर बोट ठेवलं आणि तेच बोट सुशीलच्या भुवईवर नेलं.

“ह्यो तू हायेस रे, म्हातारा झालेला,” ती म्हणाली. “जित्या पोराला हार घालू व्हय मी?”

तिने फ्रेम पदराखाली झाकली, कुणाची नजर पडू नये तशी. सुशीलला वाटलं, आताच सांगावं आईला सगळं, विजेचं नाही, माझं. पण ओटीभर माणसं होती, आणि खरं सांगायचं तर माणसं नसती तरी त्याला ते जमलं नसतं. दुसरा कुठला नाय काय, असं तिने विचारल्यावर त्याने मोबाइलवर तो वाकलेला फोटो दाखवला. हौसा तो बघून हसली, केरू गेल्यापासून पहिल्यांदाच. पूजाच्या लग्नात स्वतः जेवायचा राहिला होता, शेवटी तिनेच पान वाढून दिलं होतं, हे तिने सगळ्यांना सांगितलं. हाच कर, म्हणाली.

तेराव्याला तोच लावला. नवीकोरी फ्रेम, झेंडूचा हार, आत टोपी आणि कान. नमस्काराला येणारी माणसं घुटमळत होती. हात कुठे बघून जोडायचे, ते त्यांना कळेना. पूजाच्या सासूने न राहवून विचारलं, “तोंड नाय गो दिसत व्याह्यांचं?”

हौसाने हार नीट केला.

“वाढतायत ना,” ती म्हणाली. “पंगत उठू दे. मंग बघतील वर.”

बाहेर पानं मांडून झाली होती. सुशीलने भाताचं घमेलं उचललं, पहिल्या पानापाशी वाकला आणि पंगत संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.