डब्याचं दुसरं दार

डबा अंगणात येऊन उभा राहिला त्या दिवशी मिस्त्रींनी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला कपाळावर हात मारून घेतला. दार भलत्याच बाजूला होतं.

डबा म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं, चाकांवरचं जुनं घर. वय साठच्या पुढे, अंग सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, दोन्ही टोकांना गोल, आत एक पलंग, एक ओटा आणि चार खिडक्या. ते परदेशात बनलं, तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावत, त्यामुळे त्याचं दार इथे नेमकं रहदारीत उघडत होतं. सकाळी झोपेतून उठून कुणी बाहेर पाय टाकला असता तर तो थेट एखाद्या ट्रकपुढे पडला असता.

"वहिनी, घेताना बघितलं नाहीस?" मिस्त्रींच्या बहिणीने विचारलं.

"बघितलं की," मिस्त्रींची बायको, मावशी, म्हणाली. "चंदेरी आहे."

हे उत्तर नणंदेने पुढे महिनाभर सगळ्या गोतावळ्यात तिखटमीठ लावून सांगितलं. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला कुणाच्या बोलण्याचं फारसं काही वाटत नाही. मागे साठ पोरं एका सुरात किंचाळत असताना जिने शांतपणे गिअर बदलले, तिच्यापुढे नणंदेचा काय पाड? मावशी हे नावही त्या पोरांनीच दिलेलं. आता शेजारीपाजारीसुद्धा तिला तेच म्हणत.

सव्वीस वर्षांत तिने फक्त एक रस्ता पाहिला होता. घरांपासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून घरांपर्यंत, अकरा किलोमीटर. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा तिला तोंडपाठ होता. वाटेत एक फाटा लागायचा, तिथून एक रस्ता टेकड्यांकडे वळून दिसेनासा व्हायचा. दिवसातून चार वेळा मावशी त्या वळणाकडे बघायची आणि सरळ जायची. निवृत्त झाल्यावर त्या वळणापलीकडे काय आहे ते बघायचं, आणि पोरांना घ्यायला चार वाजता परत यायचं नाही, एवढंच तिचं स्वप्न होतं.

पण निवृत्ती दोन वर्षं आधीच आली, आणि तीही धड आली नाही. एका दुपारी पोरांना सोडून रिकामी बस घेऊन येताना मावशी सिग्नलला थांबली आणि तिथेच तिची शुद्ध हरपली. दिवा हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून आकाश डोक्यावर घेतलं. शेवटी पोलिसाने बराच वेळ काच ठोठावली तेव्हा ती जागी झाली. रक्तदाबाची नवी गोळी जास्तच जोराची निघाली, बाकी काही नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, सहा महिन्यांनी पुन्हा सगळं तपासून गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. तोवर शाळेने मात्र तिला हार घालून, भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी बसवलं होतं.

डबा आणल्यावर ती मिस्त्रींना म्हणाली होती, "मी ओढीन, तुम्ही मागचं सगळं बघा. जाऊ या ना?"

"जाऊ की," मिस्त्री म्हणाले होते.

मिस्त्रींचा सगळा जन्म बसच्या बॉडी बांधण्यात गेला होता. सांगाडा उभारायचा, पत्रा चढवायचा, दारं-खिडक्या बसवायच्या. त्यांच्या हातच्या अडीचशे बस अजून रस्त्यावर आहेत. तेव्हा दार एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर नेणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. पहिल्या आठवड्यात त्यांनी आतली फळकुटं काढून डब्याच्या सांगाड्याच्या बरगड्या मोकळ्या केल्या. दोन बरगड्यांमधली जागा मोजली, दाराच्या मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा कापला, तो रस्त्याच्या कडेकडच्या बाजूला बाहेरून चिकटवला आणि लांब उभं राहून तासभर नुसतं बघत राहिले. नवं दार नुसतं कापून भागत नाही. भोक पाडलं की कवच ढिलं पडतं, म्हणून चौकटीला आतून जाड पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. तो दिला आणि मगच कटर चालवला.

कापलेला पत्रा अलगद सुटून मावशीच्या हातात आला. केवढा मोठा, आणि वजन म्हणाल तर काहीच नाही. वरच्या बाजूला त्याला डब्याच्या अंगाचा हलका बाक होता. हाच तुकडा मिस्त्री पलीकडे नेऊन जुन्या दाराच्या जागी बसवणार होते.

मधले चार दिवस डब्याला दोन्हीकडे भगदाडं होती. मावशी दुपारी आत जाऊन उघड्या पलंगावर बसायची. एका बाजूने घराची भिंत दिसायची, दुसऱ्या बाजूने कुंपण आणि त्यापलीकडचं रान. मधून वारा यायचा, तिचे केस भुरभुर उडवायचा आणि पलीकडून निघून जायचा. बसल्या बसल्या तिला वाटायचं की डबा चाललाय. आधी घर मागे सरकायचं, मग कुंपण, मग ओळखीची झाडं, मग अनोळखी झाडं. एकदा तर फाट्यावरचं ते वळणसुद्धा आलं. ती वळली, आणि पुढे एवढा उजेड होता की तिने डोळ्यांवर हात धरला. डोळे उघडले तर मिस्त्री समोर उभे.

"झोपलीस?" त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

"नाही हो. फिरून आले."

मिस्त्री हसले नाहीत. तेव्हा ते तिच्या लक्षात आलं नाही.

जुनं भगदाड बुजवायचं काम दोघांचं. मिस्त्री बाहेरून रिव्हेटचे खिळे ठोकणार, मावशी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणार, म्हणजे रिव्हेटचं टोक चेपून घट्ट बसतं. मध्ये पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून मावशीने टकटक करून सांगायचं: एकदा म्हणजे बसला, दोनदा म्हणजे पुन्हा मारा. अजून रिव्हेट न भरलेल्या भोकांतून उन्हाचे ठिपके तिच्या हातांवर, मांडीवर, जमिनीवर पडायचे. एकेक रिव्हेट बसला की एकेक ठिपका विझायचा. दोन दिवस ती त्या ठिपक्यांत बसली होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण नवऱ्याशी इतकं छान आपण कधी बोललो नव्हतो, असं तिला वाटलं.

नंतर काम रेंगाळायला लागलं. मिस्त्रींना डब्यावर नवनवे पोचे सापडायला लागले. ते आतून ठोकून सपाट करायचे, मग पॉलिश, मग खिडक्यांची रबरं. दाराचं नाव काढलं की म्हणायचे, "घाई काय आहे?" मावशी एकदोनदा चिडली आणि मग तिने विचारणं सोडलं. कारागिराला टोचून काम होत नाही हे तिला ठाऊक होतं.

मग ती दोन दिवस नणंदेकडे जाऊन आली, आणि परत येते तो दार बसवलेलं.

तिला काय आनंद झाला! हातातली पिशवी तिने तिथेच ठेवली. नवी चौकट कशी डोळ्यांत भरत होती. दाराचा बाक भिंतीच्या बाकाशी असा जुळला होता की नख जाईल एवढीही फट नव्हती. तिने दार उघडलं, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मग सवयीने, बस काढायच्या आधी सव्वीस वर्षं मारत होती तशी, डब्याला एक चक्कर मारली. चाकं, दिवे, जोड, कडी. दारापाशी ती थांबली.

बिजागऱ्या मागच्या कडेला होत्या.

धावणाऱ्या गाडीच्या दाराला बिजागऱ्या पुढच्या कडेला असतात. कडी चुकून निसटली तरी समोरचा वारा दार दाबून धरतो. बिजागऱ्या मागे असल्या तर तोच वारा फटीत शिरतो आणि दार उपटून काढतो. एका कुशीचं दार जसंच्या तसं उचलून दुसऱ्या कुशीला लावलं की बिजागऱ्या आपोआप मागे जातात. त्या काढून दुसऱ्या कडेला घ्याव्या लागतात. नवशिके इथे हमखास फसतात. पण अडीचशे बसना दारं लावलेला माणूस फसत नाही. हं, घर जर जागचं हलणारच नसेल, तर बिजागऱ्या कुठेही चालतात.

 मावशी तिथेच पायरीवर बसली. मिस्त्री हात पुसत आले.

"आवडलं?"

"बिजागऱ्या मागे आल्यात."

"हो का?" मिस्त्रींनी दाराकडे पाहिलंच नाही. "होतं असं कधी कधी."

"तुमच्या हातून?"

मिस्त्री फडक्याने एकच बोट परत परत पुसत राहिले.

"आपण जाणार नाही ना?" मावशी म्हणाली. "सरळ सांगा."

मिस्त्री तिच्याशेजारी टेकले. "पोलिसाचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो," ते म्हणाले. "तो म्हणाला, बाई स्टिअरिंगवर पडल्यात. एवढंच म्हणाला आणि फोन कट झाला. मी तिथे पोचेपर्यंत तू उठून चहा पीत होतीस. पण तोवरचा तो अर्धा तास माझ्या अंगातून जातच नाही. तू भाजीला गाडी काढलीस तरी मी फाटकात उभा असतो."

"मला वाटायचं तुम्ही हवा खाता."

"मला भीती वाटते गं."

"डॉक्टरांना वाटत नाही. मला वाटत नाही." मावशीचा आवाज चढला. "तुम्हाला वाटते तर तोंड नव्हतं का? ते दाराकडून वदवून घेतलंत?"

"तोंडाने सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या दिवशी डबा देऊन टाकला असतास, आणि पुन्हा कधी विषय काढला नसतास. मी ओळखत नाही का तुला? ते मला बघवलं नसतं. म्हटलं, डबा इथेच राहू दे. तू आत बस, तुझं फिरून ये. निदान कुठेतरी जाशील."

मावशीला राग आला, रागातून माया आली, आणि त्या मायेचा आणखीनच राग आला. ती उठली, तरातरा अवजारांच्या पेटीकडे गेली आणि ड्रिल घेऊन आली.

"काय करतेस?"

"बिजागऱ्या काढते."

"अगं, तिरकं धरलंयस. पत्रा जाईल."

"जाऊ दे."

तिने खरंच ड्रिल दाबलं. ते घसरलं आणि नुकत्याच बसवलेल्या चकचकीत दारावर बोटभर ओरखडा उमटला. माणसाची भीती एकीकडे आणि कारागिराचा जीव एकीकडे. मिस्त्रींनी पुढे होऊन तिच्या हातातून ड्रिल घेतलं आणि रिव्हेटच्या बरोबर मध्यावर टेकवलं. क्षणभर ते तसेच थांबले.

"दार धर," ते म्हणाले. "सुटलं तर अंगावर येईल."

तिने दोन्ही हातांनी दार धरलं.

बिजागऱ्या पुढे यायला तीन दिवस लागले. कुलूप दुसऱ्या कडेला घ्यावं लागलं, जुनी भोकं बुजवावी लागली, आणि या सगळ्यात मिस्त्री कामापुरतंच बोलले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच डबा घरच्या पिकअप गाडीला जोडला, साखळ्या अडकवल्या, दिवे तपासले.

"पंपापर्यंत," ते म्हणाले. "पंपावर वळायचं आणि परत यायचं."

"बरं," मावशी म्हणाली. पंप टेकड्यांच्या फाट्यावरच होता. तिने गाडी सुरू केली.

मिस्त्री रस्त्याकडे बघतच नव्हते. एका हाताने खिडकीवरची मूठ घट्ट धरून ते टक लावून मावशीच्या तोंडाकडे बघत होते. अंगण मागे पडलं, गल्ली मागे पडली. मोठ्या रस्त्याला लागताच त्यांनी घसा खाकरला.

"सात आठे?"

"काय?"

"सांग ना. सात आठे?"

ती शुद्धीवर आहे की नाही ते बघायची ही त्यांची युक्ती होती. मावशीला हसू आवरेना. "छप्पन्न," ती म्हणाली.

"सहा नव्वे?"

"चोपन्न. अहो, रस्ता बघा जरा, किती छान आहे."

"बारा चोक?"

"अठ्ठेचाळीस."

सकाळचं कोवळं ऊन समोरच्या काचेतून आत येत होतं. आरशात डबा दिसत होता, चंदेरी, मागून शहाण्यासारखा येणारा. दार बंद होतं, वाऱ्याने घट्ट दाबून धरलेलं. एक किलोमीटर झाला, दोन झाले. प्रश्न अंतराअंतराने यायला लागले. आठ साते. मग बऱ्याच वेळाने नऊ चोक. मिस्त्रींचा आवाज जड झाला होता.

"नऊ साते?"

"त्रेसष्ट," मावशी म्हणाली, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली.

प्रश्न आला नाही. तिने हळूच वळून पाहिलं. मुठीवरचा हात सुटून मांडीवर पडला होता, मान दाराला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. पोलिसाचा तो फोन आल्यापासून रात्र रात्र कूस बदलणारा हा माणूस, ती गाडी चालवत असताना, भर सकाळी, घोरत होता.

पंप आला. तिथे कुणीतरी हवा भरत होतं, त्याने मान वर करून डब्याकडे पाहिलं. मावशीने वेग जरासा कमी केला, खड्ड्यात मिस्त्रींच्या मानेला हिसका बसू नये म्हणून, आणि टेकड्यांकडच्या वळणावर गाडी वळवली.