शिंगाड्याच्या खाचरातला बाप

माझ्या थोरल्या मुलाला मुलगी झाली आणि तिला महिना भरल्यावर आम्ही गावभर तेलभात आणि लाल अंडी वाटली, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. थाळी घेऊन मी थोरल्या दिरांकडे गेले, तेव्हा छुइओंग भाऊजी अंगणात बसून बियाण्याचं भात विषाच्या पाण्यात घोळवत होते. फोकून पेरलं की पाखरं दाणे वेचतात, म्हणून हे विष. आधीच्या आठवड्यात त्यांनी ओढ्याकाठचं खाचर असंच पेरलं होतं. त्या चिखलात शिंगाडापाखरं मरून पडलेली मी येताना पाहिली होती. सोनेरी मानेची, लांब बोटांची, शिंगाड्याच्या पानांवरून चालणारी ती पाखरं आमच्या क्वानतिएन गावात आता मोजकीच उरली होती.

"भाऊजी, हात धुवा आणि अंडं खा. नातीचं आहे."

"ठेव तिथं. बोंगछी, गोड बातमी घेऊन आलीस आणि तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?"

मी पाखरांचं सांगितलं.

"मग काय त्यांना जेवायला बोलावू?" ते म्हणाले. "तुझ्यासारखी रोपं लावत बसलो तर माझी कंबर सरकार देणार आहे का नवी?"

मला राग आला आणि तोंडातून शब्द निघून गेला. "उन्हाळ्यात शिंगाडे लावू तेव्हा बघू. तुमच्या अर्ध्यात तुमची औषधं, माझ्या अर्ध्यात एक थेंब नाही. माझं पीक तुमच्याइतकं भरलं, तर पुढच्या पेरणीला विष नाही."

"आणि नाही भरलं तर?"

"तर माझा अर्धा भाग तुम्ही कसायला घ्या."

सासऱ्यांचं खाचर दोघा भावांत अर्धं अर्धं वाटलेलं, आणि नवऱ्यामागं माझ्याकडे तेवढंच होतं. भाऊजींनीही ते ऐकून माझ्याकडे नीट पाहिलं. पण दोघांपैकी कोणी मागं हटलं नाही.

साक्षीला भूमिदेवाच्या देवळात गेलो. भाऊजींनी लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर देवाचा होकार. दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे देव हसत होता. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसला.

"तुझ्यावर हसतोय," भाऊजी म्हणाले.

"दोनदा हसला. एकदा तुमच्यावर."

भात कापून झालं, खाचरांत पाणी भरलं आणि आम्ही एकाच दिवशी शिंगाड्याच्या वेली सोडल्या. दोघांच्या मध्ये भाऊजींनी बांधलेला सिमेंटचा उभा बांध होता. माझ्याकडचं तण त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून त्यांनी तो बांधला होता. सुरुवातीला दोन्हीकडे सारखंच हिरवं दिसलं. मग भुंगेरे आले. भाऊजींनी पंप पाठीला लावला आणि दोन फवारण्यांत त्यांचं खाचर चकचकीत झालं. मी होडग्यात बसून पानं उलटी करत होते, भुंगेरे पाण्यात झटकत होते. झटकावेत तेवढे परत चढत. माझी पानं चाळणीसारखी झाली.

पण माझ्याकडे आवाज होता. संध्याकाळी बेडूक इतके ओरडत की घरात बोलणं ऐकू येत नसे. चतुर होते, गोगलगायी होत्या, पाण्यात बोटभर मासे होते. बांधापलीकडे काहीच वाजत नसे. मी रोज सकाळी चहाही न पिता धावत बांधावर जायचे. शिंगाडापाखरू येणार तर माझ्याकडेच येणार, याबद्दल मला शंका नव्हती.

आलं, आणि घरटं बांधलं भाऊजींच्या बाजूला.

माझी पानं विरळ, त्यांची दाट. अंडी ठेवायला दाट पानंच हवीत, हे मादीला माझ्यापेक्षा बरं कळत होतं. चार अंडी, तांब्याच्या भांड्यासारखी चमकणारी.

भाऊजी पंप लावून बांधावर उभे होते. तिसऱ्या फवारणीचा दिवस होता.

"यांची आई कुठं गेली?" त्यांनी विचारलं. अंड्यांवर नर बसला होता.

"दुसऱ्या नराकडे. यांच्यात आई अंडी घालते आणि जाते. बसायचं बापानं, वाढवायचंही बापानंच."

भाऊजींची बायको दोन पोरं मागं ठेवून काओश्युंग शहरात निघून गेली होती. गावात त्याबद्दल कोणी बोलत नसे. मीही जीभ चावली.

भाऊजींनी पंपाची नळी खाली केली. मग म्हणाले, "याला भात कोण शिजवून घालतं?"

"स्वतःच मिळवतो. बघा."

नर उठला, बांधावरून उडून माझ्या चाळण झालेल्या पानांवर उतरला, भराभर भुंगेरे टिपले आणि परत जाऊन बसला. त्यांच्या हिरव्यागार खाचरात त्याला तोंडात घालायला काही नव्हतं. भाऊजींनी पंप उतरवून ठेवला. "आज वारा आहे," ते म्हणाले. वारा नव्हता. दुसऱ्या दिवशीही त्यांना वाराच दिसला.

त्यानंतर दोघंही पहाटेपासून बांधावर. वादळाच्या पावसात घरटं तरंगत एका बाजूला गेलं, तेव्हा नरानं एकेक अंडं चोचीखाली धरून मागं मागं सरकत दुसऱ्या पानांवर नेलं. भाऊजींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

महिना भरत आला आणि एका सकाळी पिल्लं निघाली. ओल्या कापसाच्या बोळ्याएवढी, पण पाय केवढे. सुकली तशी चालायलाच लागली. बाप पुढं, पिल्लं मागं, सगळी निघाली माझ्या बाजूला, जिथं खायला होतं. आणि बांधाशी येऊन थांबली. बाप उडून वर बसला आणि हाका मारू लागला. पिल्लं गुळगुळीत सिमेंटवर चढायची आणि पाण्यात घसरायची. तेवढ्यात बांधाच्या टोकाला रातबगळा येऊन उभा राहिला.

मी दगड उचलला. "मारू नकोस, पिल्लांना लागेल," भाऊजी म्हणाले आणि धावत घराकडे गेले. पंच्याहत्तरीचा माणूस घण घेऊन धावत परत आला. पिल्लांपासून लांब, बांधाच्या वळणाजवळ त्यांनी पहिला घाव घातला. त्या आवाजानं रातबगळा उडाला.

"भाऊजी, माझे भुंगेरे तुमच्याकडे येतील."

"येऊ देत. तू पेंढा आण, उतार कर."

सिमेंट फुटलं, पाण्याला पाणी मिळालं. मी भेगेत पेंढा आणि वेली दाबल्या. आम्ही मागं सरून शेजारच्या उसाच्या कडेला बसलो. बाप भेगेवर आला, हाक दिली. पहिलं पिल्लू आलं, मग दुसरं, तिसरं. चौथं मध्येच बसून राहिलं, आणि भाऊजी पुटपुटत होते, "चल रे, चल, भित्र्या." ते उठलं आणि गेलं.

शरद ऋतूत शिंगाडे काढले. भुंगेरे त्यांच्याकडेही गेले होते, तरी त्यांच्या टोपल्या माझ्यापेक्षा सरळसरळ जास्त भरल्या. पैज मी हरले होते. त्या दुपारी उकडलेले शिंगाडे सोलत आम्ही ओसरीवर बसलो.

"कधीपासून कसणार?" मी विचारलं.

"तुझं खाचर घेऊ, त्यात फवारू, आणि पुढच्या वर्षी त्या बापाला काय तोंड दाखवू?" त्यांनी शिंगाड्याचं टरफल अंगणात फेकलं. "तुझं तू ठेव. आणि हिवाळ्यात ती भाताची रोपं लावायला मला शिकव. कंबर दुखली तर शिव्या खायची तयारी ठेव."

त्या हिवाळ्यात त्यांनी रोपं लावली, आणि शिव्याही दिल्या. शिंगाडापाखरांचा थवा आमच्या दोन्ही खाचरांत उतरला. एकही मेलं नाही.

छुइओंग भाऊजी आमच्या पंचांगातल्या सापाच्या वर्षी, पाचव्या महिन्यात, भात कापून झाल्यावर वारले. तेव्हा त्यांचं वय एक्याऐंशी होतं.